मुलाण्याच्या दुकानात म्हातारं झालेलं बकरं

नमस्कार. तुमच्या या सदरातले अनुभव माझी नात मला दुपारी वाचून दाखवते. खरं सांगायचं तर बरेचसे ऐकून मला हसू येतं – कुणाला पिंपळावर काय दिसतं, कुणाला वाटेत पांढऱ्या लुगड्यातली बाई भेटते… आमच्याकडं कुणी असलं सांगायला लागलं की मी आधी विचारायची, "जेवला होतास का रे? उपाशी पोटी असलंच दिसतं." असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. आजही नाही. पण एक गोष्ट माझ्या स्वतःच्या बाबतीत घडली आणि ती मला अजून सुटत नाही. नात म्हणाली, "आज्जी, तू सांग, मी टाइप करते." म्हणून सांगते. शुद्धलेखन तिचं, बाकी सगळं माझं.

गावाचं नाव सांगत नाही, भाऊबंद अजून तिथंच आहेत. हुमनाबादहून बिदरला जाताना आत वळलं की लागतं, निर्णा हे गाव तिथून दोन-तीन कोसांवर. आठवड्याचा बाजार भरायचा म्हणून त्याला शहर म्हणायचं, नाहीतर खेडंच. राज्य निजामाचं. कचेरीत उर्दू, बाजारात कानडी, घरात मराठी, आणि भांडण लागलं की तिन्ही.

मी लग्न होऊन आले ते घर बाजाराच्या टोकाला. मागच्या अंगणाची भिंत आणि मकबूलचाचाच्या दुकानाची भिंत एकच. मकबूलचाचा म्हणजे गावचा मुलाणी. मटणाचं दुकान त्याचं एकट्याचंच. आमच्या भागात मुलाण्यानं अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवल्याशिवाय मराठ्याच्या घरातसुद्धा मटण शिजत नसे. मरीआईला सोडलेलं बकरंही त्याच्याच हातचं लागायचं. आजच्या लोकांना याचं नवल वाटतं, आम्हाला कधी वाटलं नाही.

दुकान म्हणजे पत्र्याची पडवी, चिंचेच्या लाकडाचा ओंडका, वर लोखंडी आकडे आणि मागं जनावरांची दावण. समोर सिद्रामप्पांचं धान्याचं दुकान. ते बसवण्णांना मानणारे, मांसाचं नावही न काढणारे. त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून मकबूलचाचा कायम गोणपाटाचा पडदा सोडून ठेवायचा, आणि सोमवारी दुकान बंद. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, त्याच्या वडिलांपासून चालत आलेलं होतं.

त्याची आणखी एक रीत होती. सुरी हातात घ्यायच्या आधी तो जनावरापुढं पाण्याचा कटोरा धरायचा. जनावर प्यायलं तर पुढचं काम. नाही प्यायलं तर त्याला परत दावणीला बांधायचा – मग बाहेर गिऱ्हाईक कितीही बोंबलत असो. आणि दुकानातल्या जनावराला नाव कधी ठेवायचं नाही. त्याची बायको खैरूनबी मनानं फार मऊ होती, ती चुकून एखाद्याला "ए लाडल्या" म्हणाली की तो रागवायचा. म्हणायचा, "नाम रक्खे तो हात कापतां." नाव ठेवलं की सुरी धरलेला हात थरथरतो, असं त्याचं म्हणणं.

आता माझं सांगते. माझं पहिलं मूल मुलगी, ती महिन्याच्या आतच गेली. दुसरा मुलगा झाला तेव्हा घरात सगळ्यांनी त्याला नुसतं डोळ्यांत ठेवलं होतं. सहा-सात महिन्यांचा झाला आणि तापला. ताप, खोकला, आणि अंगावर पिणं बंद. तोंडात दिलं की मान फिरवायचा. चमच्यानं दिलं की ओठांतून बाहेर. हकीमसाहेबांचं औषध झालं, दृष्ट काढून झाली, अंगारा झाला. पोर दिवसेंदिवस हलकं होत चाललं. उचलून घेतलं की माझ्या हाताला ते कळायचं. एक गेलेली होती ना… तेच हात परत तसेच रिकामे होणार असं वाटायचं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्यांनी मरीआईला बकऱ्याचा नवस बोलला. मामंजींनी बाजारातून कोवळं बोकड घेतलं, काळं, कपाळावर पांढरा ठिपका. देवीला दाखवून आणलं आणि मंगळवारपर्यंत सांभाळायला मकबूलचाचाच्या दावणीला बांधलं. हे सगळं बाहेरच्या बाहेर. मी बाळाला घेऊन माजघरात. आमच्या काळी सुनेला असल्या गोष्टी कोण सांगत बसतंय?

इकडं माझी दुसरीच तऱ्हा. पोर पीत नाही, आणि छाती दुधानं दगडासारखी घट्ट. ठणका सोसवेना. वाटीत पिळून काढल्याशिवाय उपाय नव्हता. पण काढलेलं दूध टाकायचं कुठं? आईचं दूध पायदळी येऊ देत नाहीत, आणि चुलीत टाकलं तर आटतं म्हणतात. आत्याबाई म्हणाल्या, "मागं भिंतीच्या कडंला वत, तिथं कुनाचा पाय पडत न्हाई."

मागं गेले. भिंतीला एक खिंडार पडलेलं होतं, गुडघ्याएवढं. मी वाटी टेकवली आणि पदर सावरायला वळले, तेवढ्यात पलीकडून एक काळं तोंड आत आलं आणि वाटी चाटूनपुसून लख्ख. मला रडता रडता हसू आलं. आई तुटलेलं पिल्लू, दिसलं दूध की प्यायलं. मला वाटलं, वाया जाण्यापेक्षा बरं झालं. दुसऱ्या दिवशी ते तिथंच तोंड घालून उभं. मग रोजच. वाटी घेऊन गेले की ते ढुशा देत प्यायचं, आणि मी तिथं बसून रडून घ्यायची. घरात रडायची सोय नव्हती, सासूबाई म्हणायच्या अपशकुन होतो. खैरूनबीनं एकदोनदा पाहिलं, पण ती काही बोलली नाही.

मंगळवार उजाडला. दुकानाच्या मागच्या अंगणात मामंजी, आमचे हे, दोन-चार भावकीतले लोक जमले. आत्याबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन गेल्या. बाळाचे डोळे त्या दिवशी अर्धे मिटलेले, रडणंही थांबलेलं. मी त्याला पोटाशी धरून खिंडारापाशी बसले होते, कारण तिथून सगळं ऐकू यायचं.

मकबूलचाचानं कटोरा पुढं धरला. बकरं प्यायलं नाही. थांबले. परत धरला. ते तोंड फिरवायचं – अगदी माझं पोर फिरवायचं तसंच. मामंजी म्हणाले, "राहू दे पानी, देवीचा कौल घेऊ." आमच्यात देवीच्या बकऱ्याच्या पाठीवर पाणी ओततात आणि त्यानं अंग झाडलं की देवीनं घेतलं असं समजतात. अंग झाडल्याशिवाय सुरी लावत नाहीत. मामंजींनी पाणी ओतलं. बकरं हललं नाही. घागर रिकामी केली, दुसरी आणली. बकरं भिजून चिंब झालं, पण जागचं हलेना. भिजलेलं जनावर अंग झाडत नाही असं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आत्याबाईंचा आवाज चिरकला. "कामून घेईना गं आई? काय चुकलं आमचं?"

तेवढ्यात बकऱ्याला मी दिसले. त्यानं असा हिसडा दिला की दोरी हातातून सुटली, आणि ते सरळ खिंडारातून आत आलं अन् माझ्या चोळीला ढुशा द्यायला लागलं. सगळ्या माणसांदेखत! लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला, की नवसाचं बकरं हेच.

मामंजी भिंतीपाशी आले. "ह्ये काय करायलंय? तुला कसं वळखतंय ह्ये?"

खोटं बोलायला तिथं जागाच नव्हती. मी सांगितलं, दूध ह्यानंच पिलं, रोज. मकबूलचाचानं सुरी फडक्यात गुंडाळली आणि ओंडक्यावर ठेवली.

"अप्पा," तो मामंजींना म्हणाला, "ये मेरे हातसे नै कटता. तुमच्या नातवाचा दूधभाऊ झाला हा. आमच्यात एका बाईचं दूध पिले की भाऊ. सगा भाई."

"माणसाचं असतंय ते, मकबूल. जनावराचं कुठं असतंय?"

"हौ, बरोबर बोलले. मौलवीसाबकू पूछे तो वो बी येच बोलेंगे. पर मेरा हात नै मानता."

आत्याबाईंनी ताट खाली ठेवलं. "हात न्हाई मानत? माझा नातू जायलाय अन् तुला हाताचं पडलंय? देवीला दाखवलेलं हाय ते! निर्ण्याच्या मुलाण्याला बोलवा."

आता तुम्हाला वाटेल, मी त्या मुक्या जिवाची बाजू घेतली असेल. छे! मी आई होते. पोटच्यासाठी मी दावणीतली सगळी बकरी दिली असती. मीच ओरडले, "चाचा, कापा! पाया पडते, कापा! माझं लेकरू गेलं तर तुमच्या दारात आणून ठेवीन!" सासऱ्यासमोर मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. त्या दिवशी डोक्यावर पदर होता का नव्हता, तेही आठवत नाही.

मकबूलचाचाच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं सुरी चालवणारा माणूस. तो खाली बसला, खिंडारातून दोरी धरून बकऱ्याला स्वतःकडं ओढून घेतलं आणि म्हणाला, "रो नक्को बेटी. मैं इसकू काट्या और तेरा बच्चा गया, तो तू जिंदगीभर क्या बोलेगी? दोन्ही घालवले म्हणशील. मेरे दावणमेंसे दुसरा कोनसा बी लेव, देवीकू देव. ये एक छोडो." मग त्यानं कटोरा परत भरून घेतला. मला म्हणाला, "तू बी एक बार और पिलाके देख."

मला राग होता त्याचा. पण दुसरं करण्यासारखं तरी काय होतं? मी भिंतीकडं पाठ करून बसले, बाळाला पदराखाली घेतलं. कितीतरी दिवसांनी त्याचे ओठ हलले. आधी नुसते लागले, मग ओढ लागली. इतकी बारीक ओढ… ज्या बायकांनी पाजलंय त्यांना कळेल, बाकीच्यांना मी काय सांगू. आणि त्याच वेळी माझ्या पाठीमागं पाणी पिण्याचा आवाज आला. चपाक चपाक. बकरं कटोऱ्याला लागलेलं.

खैरूनबी म्हणाली, "पी लिया गे माँ, पी लिया!"

मी म्हटलं, "व्हय, पितोय." आम्ही दोघी दोन वेगळ्या लेकरांबद्दल बोलत होतो, हे आमच्या नंतर ध्यानात आलं.

मकबूलचाचा बकऱ्याच्या कानाशी हळूच बोलला, "छोड दूं क्या तुजे?" हे मी माझ्या कानांनी ऐकलं. आणि बकऱ्यानं शेपटापर्यंत सगळं अंग असं झाडलं, की पाणी मामंजींच्या तोंडावर उडालं.

"कौल दिला!" आत्याबाई ओरडल्या. "घेतलं देवीनं! कापा आता!"

"माय, कौल दिला हे खरं," मकबूलचाचा म्हणाला, "पण मी इचारलं काय होतं, ते बी ऐकलं का न्हाई तुम्ही?"

मामंजींनी उपरण्यानं चेहरा पुसला. मग आत्याबाईंना म्हणाले, "चल घरी. पोर पितंय तेवर गप बस." पुढच्या मंगळवारी दावणीतलं दुसरं बकरं मरीआईला दिलं. त्यानं पहिल्याच घागरीला अंग झाडलं. तोवर माझ्या बाळाचा ताप उतरला होता.

तुम्ही म्हणाल, यात काय अमानवीय? मीही तेच म्हणते. दुधानं पोट भरलेलं बकरं पाणी कशाला पिईल? ताप उतरायची वेळ आली म्हणून पोर प्यायलं असेल. भिजलेल्या बकऱ्यानं कधीतरी अंग झाडायचंच होतं. सगळ्याला उत्तर आहे माझ्याकडं. मी अशीच आहे, भाबडेपणा मला जमत नाही.

ते काळं बकरं मकबूलचाचाच्या दुकानातच राहिलं. आत्याबाईंना ते घरात नको होतं. "नवस बुडव्या" म्हणायच्या त्या त्याला. देवीला दाखवलेलं म्हणून विकता येईना, आणि कापणार कोण? मटणाच्या दुकानात एक बकरं खातंपितं मोठं झालं, खच्ची केलेलं, चांगलं वासराएवढं. पडद्याबाहेर बसून रवंथ करायचं. बाहेरगावचं गिऱ्हाईक आलं की त्याच्याकडं बोट दाखवून म्हणायचं, "ह्यातलं द्या." मग मकबूलचाचा शिव्या घालायचा. सिद्रामप्पा समोरून गंमत करायचे, "मकबूल, तुज्या दुकानात आमच्या पंगतीला बसंल असं ह्ये एकलंच बग." आणि स्वतःच्या हातानं त्याला मूठभर हरभरा टाकायचे.

माझा मुलगा, शंकर त्याचं नाव, चालायला लागल्यापासून त्याच्या गळ्यात. पोरं चिडवायची "बकऱ्याचा भाऊ" म्हणून. तो चिडायचा नाही. म्हणायचा, "हायच मुळी." नंतर मला आणखी तीन मुलं झाली. कामाच्या रगाड्यात मी त्या बकऱ्याकडं फारसं पाहिलं असं नाही. जाता-येता भाकरीचा तुकडा खिंडारातून द्यायची, इतकंच. ते आता खिंडारात मावत नव्हतं, नुसतं तोंड आणायचं.

शंकर शिकायला बिदरला राहिला होता ते वर्ष. निजाम जायच्या थोडंसं आधीची गोष्ट. माझं शेंडेफळ तेव्हा पाच-सहा वर्षांचं. अंगावर पाजणं बंद होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. हे मी का सांगतेय, ते आता कळेल. दुपारची वेळ होती. आत्याबाई आणि मी ओसरीवर तुरीची डाळ पाखडत होतो. माझ्या छातीत एकदम कळ आली. ओळखीची कळ. लेकरू रडलं की येते ना, अगदी ती. मी सूप खाली ठेवलं. बघते तर चोळी भिजलेली. दोन्हीकडून. दूध लुगड्यावर ओघळायला लागलं.

मी घाबरून आत्याबाईंकडं पाहिलं. त्या माझ्या चोळीकडं बघत होत्या.

"दिस गेलेत का गं तुला?"

"न्हाई हो आत्याबाई. कुठलं काय."

पहिला विचार शंकरचा आला. एवढ्या लांब राहिलेलं पोर… तेवढ्यात मागून भिंतीपलीकडून खैरूनबीची हाक आली. "बहू, ओ बहू… जरा आती क्या गे…"

मी तशीच धावले. ते काळं धूड दावणीच्या सावलीत आडवं पडलं होतं. तोंड खिंडाराकडं. मकबूलचाचा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि कटोरा बाजूला तसाच भरलेला. "सुबेसे पानी नै पिया," तो म्हणाला. "अब्बीच गया." मी विचारलं, अब्बीच म्हणजे कधी? त्यानं आमच्या ओसरीकडं बोट केलं आणि म्हणाला, तुमच्या सुपाचा आवाज थांबला ना, तेव्हा.

खैरूनबीनं माझी चोळी पाहिली. तिनं स्वतःची ओढणी काढून माझ्या अंगावर घातली. आणि मग मी रडले. एका बकऱ्यासाठी मी अशी रडले की माझ्या पहिल्या मुलीसाठीसुद्धा मला तसं रडू दिलं नव्हतं कुणी.

मुलाणी मेलेल्या जनावराचं कातडं कधी वाया घालवत नाही, तो त्याचा धंदाच. त्या दिवशी मकबूलचाचानं कातड्याला हात लावला नाही. आपल्या शेताच्या बांधावर खड्डा काढला आणि त्याला तसंच अख्खं ठेवलं. शंकरची काळजी होती म्हणून मामंजींनी गडी बिदरला धाडला. पोर खुशाल होतं, गोट्या खेळत होतं.

पुढं लातूरला एका डॉक्टरीणबाईंना मी हे विचारलं. त्यांनी शांतपणे समजावलं, शरीरात असं कधीकधी होतं, म्हणाल्या, त्याला हार्मोन कारण असतं. असेल. शिकलेल्या बाईचं मी खोटं कशाला म्हणू? पण त्याच घडीला का, हे मी विचारलं तेव्हा त्या हसल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. शंकर आता स्वतः आजोबा झालाय, त्यालाही विचारलं. तो म्हणतो, "आई, तू इतका इचार नको करूस, चार लेकरं म्हण की आपली पाच म्हण, तुला काय फरक पडतोय?"

एवढं मात्र सांगायचं राहिलं. त्या दुपारी मी डोळे पुसून घरी आले, तिन्हीसांज होत आली होती आणि पोरं भुकेजली होती. मी स्वयंपाकाला लागावं म्हणून चुलीपाशी गेले. आत्याबाई आधीच तिथं बसल्या होत्या. सकाळचे निखारे राखेखाली धरून ठेवलेले असायचे, त्यावर त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं होतं. चूल थंड.

"शेजारच्या घरून भाकरी यील," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "आपल्यात आज चूल पेटवायची नसती."